सीझन संपू दे

नागावच्या नानांना कुठलंही काम सांगा, ते आधी पंचांग उघडतात. मुहूर्त बघायला नव्हे. त्या दिवशी आणखी कोण कोण तेच काम करायला निघणार आहे, याचा त्यांना अंदाज घ्यायचा असतो. बरीच माणसं निघणार असतील तर नाना निघत नाहीत.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौल ही गावं एकमेकांच्या वाड्यांत वाड्या मिसळून बसलेली दिसतात. नारळ-सुपारीच्या सावलीतून रस्ता जातो आणि थोड्या थोड्या अंतरावर फाटकाला पाटी लटकलेली असते: घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. त्यातली एक पाटी नानांची. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीच्या कडेला पाहुण्यांच्या तीन खोल्या. स्वतः नाना माजघराशेजारच्या खोलीत झोपतात. तिला सकाळी पूर्वेचा आणि दिवसभर माडांचा वारा. नोकरी त्यांनी कधी केली नाही. ‘कुणाची ताबेदारी नको म्हणून,’ असं ते सांगतात. खरी अडचण वेगळी होती. नोकरीत सगळ्यांच्या वेळेला जावं लागतं, सगळ्यांच्या वेळेला परतावं लागतं, आणि सुट्टीसुद्धा सगळ्यांबरोबरच घ्यावी लागते. पहिली दोन दुःखं त्यांनी सोसली असती.

किहीमपासून श्रीवर्धनपर्यंत ज्यांचं पोट गर्दीवर आणि जीव सामसुमीवर, अशी माणसं गावोगाव आहेत. नाना त्यांच्यातले शास्त्रज्ञ.

शुक्रवारी रात्री वडखळ नाक्यावर गाड्या तुंबल्या की इकडे नानांच्या कपाळावर आठी उमटते. शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवरून बस भरभरून माणसं अलिबागेत उतरतात, आणि दुपारपर्यंत तिन्ही खोल्या, ओटी, झोपाळा आणि वाडीतली सगळी सावली भरून जाते. रविवारी जेवून माणसं पांगेपर्यंत नानांच्या तोंडी एकच वाक्य. दोन नंबरच्या खोलीतला नळ गळतोय? सीझन संपू दे. पंखा कुरकुरतोय? सीझन संपू दे. एकदा कुणा पाहुण्याने, ‘काका, चहा मिळेल का?’ असं विचारलं, तेव्हाही नानांच्या तोंडून तेच निघालं. चहा अर्थात नानींनी दिला. तीन खोल्यांच्या किल्ल्या, दर आणि उधारी हे खातं पहिल्यापासून नानींचं.

एक कबूल करायला हवं. नाना आळशी नाहीत. सोमवारी सकाळी शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली की ते धोतर खोचून उठतात आणि गुरुवारपर्यंत नळ, पंखा, तुंबलेली मोरी, पंपाचा वॉशर, झोपाळ्याची कडी, सगळं एकहाती उरकतात. कॅलेंडरच्या पाठीवर यादी असते, तिच्यावर एकेक रेघ पडत जाते. ज्या वेळी बाकीचं गाव ओटीवर आडवं होऊन रविवारचा शीण काढत असतं, तेव्हा नानांच्या घरून हातोडीचा आवाज येतो. ‘काम करायचं तर रिकाम्या वेळी. भरल्या वेळी होते ती धावपळ,’ असं ते म्हणतात. इथपर्यंत त्यांचं कुणालाही पटेल. गडबड याच्यापुढे आहे.

हे शास्त्र त्यांना समुद्राने शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर पोराटोरांनाही येतो. चतुर्थीला तिनाच्या सुमारास भरती, नवाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर हा हिशेब चुकवून चालत नाही. पाणी उतरलं की वाट मोकळी, चढलं की किल्ल्यातच पुढच्या ओहोटीची वाट बघत बसा. नानांनी ओळखलं की माणसांनाही भरती-ओहोटी असते. बँकेला अकराला भरती. गिरणीला संध्याकाळी पाचला. पेट्रोलपंपाला शनिवारी उधाण, बुधवारी भांग. असं करत त्यांनी सगळ्या तालुक्याचं कोष्टक मांडलं. त्यात एकच गोष्ट सुटली. समुद्राला ओहोटी लागली तरी वाळू जागेवर असते. माणसांचं तसं नाही.

उदाहरणार्थ, सातबाऱ्याच्या कामाला नाना एका कचेरीत बरोबर पावणेदोनला पोचले. रांग नाही, गलका नाही, खिडकीपुढे एकही माणूस नाही. खिडकीमागेही नव्हता. सगळे जेवायला गेले होते. नाना बाकावर बसले, हवेशीर होतं, आणि अडीचला साहेब आले तेव्हा त्यांच्याबरोबर रांगही आली. ती दाराबाहेर उभी राहते हे नानांच्या कोष्टकात नव्हतं. ते बाकावरून उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. घरी येऊन मात्र त्यांनी सांगितलं, ‘पाऊण तास अगदी निवांत गेला.’

मासळीचं तेच. गुरुवारी आणि संकष्टीला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव उतरलेला. संकष्टीच्या सकाळी नाना बाजारात गेले, कोळणीशी घासाघीस न करता (गर्दी नसली की नानांचा आवाज आपोआप मऊ होतो) दोन पापलेटं घेऊन आले. नानींची संकष्टी. चुलीवर साबुदाणा. पापलेटांनी चंद्रोदयाची वाट बघत फ्रिजमध्ये दिवस काढला, आणि रात्री मोदकाच्या ताटाशेजारी त्यांचा विषय काढायची नानांची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती पापलेटं घरात कुणी खाल्ल्याचं मला कळलेलं नाही. मांजर मात्र चार दिवस नानांच्या पायापायांत होतं.

कौलांचं प्रकरण त्याहून मोठं. आगोटीच्या आधी, मे महिन्यात, अख्ख्या किनाऱ्याला एकाच वेळी घर शाकारायचं असतं. कौलं चाळणारा गडी तेव्हा मंत्र्यासारखा वागतो. नानांनी तोच गडी नोव्हेंबरात गाठला. निम्मी मजुरी, दुपारी झोप काढायची मुभा, काम फर्स्टक्लास. सगळा नागाव हसला तेव्हा नाना गालात हसत होते. डिसेंबर ते एप्रिल त्या छपरावर वानरांनी संसार केला. मेमध्ये पुन्हा गडी शोधायची वेळ आली, तेव्हा त्याने नानांना नोव्हेंबरची आठवण करून दिली आणि दर वाढवून सांगितला.

पण या सगळ्यावर कळस झाला तो मुलीच्या लग्नात. एप्रिल-मेमधे लग्न म्हणजे खोल्यांचा धंदा बुडाला. मार्गशीर्षात नाताळची बुकिंगं. तुळशीच्या लग्नानंतर दिवाळीचे राहिलेले पाहुणे. नानांनी पंचांग उलटं-पालटं केलं आणि चातुर्मासातले गौणकाळाचे मुहूर्त शोधून काढले. हे मुहूर्त पंचांगकर्ते अडल्या-नडल्यांसाठी देतात. नाना अडलेले नव्हते. पण आषाढातला बुधवार आणि अलिबागेतलं मोठं कार्यालय निम्म्या भाड्यात, हे पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्याही पनवेलचे, भिडस्त. हो म्हणाले.

कार्यालय मोकळं, आचारी मोकळा, मांडववाला तर इतका मोकळा की त्याला मांडव कुठे ठेवलाय ते आठवेना. बँडवाले मात्र मिळाले नाहीत. आषाढात भाताची लावणी असते, आणि अलिबाग तालुक्यातला क्लॅरिनेट वाजवणारा माणूस त्या दिवशी गुडघाभर चिखलात रोपं लावत असतो. सनई मोबाईलवर लावली. पाऊस असा की ती मोबाईलवाल्यालाही ऐकू येत नव्हती. दहा वाजता वीज गेली. वऱ्हाड वडखळ आणि पोयनाडच्या मधे कुठेतरी खड्ड्यांतून वाट काढत होतं. गुरुजी शांत होते, कारण त्यांनाही दुसरं लग्न नव्हतं.

घोडा मिळाला होता. पावसाळ्यात अलिबागच्या समुद्रावरचे घोडे आणि टांगे रिकामे असतात, त्यातला एक पांढरा नानांनी जवळजवळ फुकटात ठरवला. नवरदेव वर बसले, डोक्यावर छत्री धरली गेली, वरात निघाली. घोडा चौकापर्यंत सरळ आला. तिथून कार्यालय डावीकडे आणि समुद्र उजवीकडे. वर्षानुवर्षं पाठीवर माणूस बसला की किल्ल्याकडे निघायचं, एवढंच त्या जनावराला माहीत. तो उजवीकडे वळला. पाहुणा बसलाय, ओहोटी असो-नसो, आपण आपला धंदा करायचा! नवरदेवांना किनाऱ्यावरून परत आणेपर्यंत मुहूर्त टळतो की काय असं झालं, पण गुरुजींनी सबुरीने घेतलं. अक्षता भिजलेल्या, त्यामुळे टाकल्या की त्या कपाळाला चिकटून राहत. जेवायला निम्मीच माणसं आली होती आणि नाना हात जोडून प्रत्येकाला सांगत होते, ‘पंगतीला वाट बघावी लागली नाही ना?’

नानांना या जगात आपले म्हणावेत असे लोक दोनच ठिकाणी सापडले. एक पेण. गणपती गावाला गेले की चार दिवसांत नाना पेणला जाऊन पुढल्या वर्षाची मूर्ती सांगून येतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं की कारखान्यात सामसूम असेल. तर तिथे साचे निघालेले, पुढच्या भाद्रपदाचं काम सुरू. पेणला आणि शेजारच्या हमरापूरला हे काम वर्षभर चालतं. ऐन शिमग्यात तिथल्या फळ्यांवर गणपतींच्या रांगा वाळत असतात. नाना तिथल्या पत्र्याच्या छपराखाली बराच वेळ उभे राहिले. ‘याला म्हणतात माणसं,’ एवढंच म्हणाले.

दुसरं ठिकाण अलिबागची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईला कुलाब्यात होत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून हे काम तिथून हलवून 1904 साली अलिबागला आणलं. लोखंडाला मज्जाव करून इमारत बांधली. त्या फाटकावरून जाताना नाना चप्पल काढत नाहीत इतकंच. ‘शांततेसाठी मुंबईहून अलिबागला आलेलं पहिलं गिऱ्हाईक,’ असं ते पाहुण्यांना सांगतात, ‘आणि हे गिऱ्हाईक रविवारी परत गेलं नाही.’ चौलच्या बंदरात पंधराव्या शतकात उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन प्रवाशावर मात्र त्यांचा राग आहे. त्या गृहस्थाने पावसाळा जुन्नरला काढला आणि चार महिने पाणी आणि चिखल याशिवाय काही नाही, असं लिहून ठेवलं. ‘ऑफ सीझनला चौल सोडून घाटावर गेला! इथे त्याला अख्खं बंदर रिकामं मिळालं असतं.’ रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. नाना तिकडे फिरकत नाहीत.

मग 2020 साल आलं. मार्चच्या मध्याला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, नाना हवालदिल झाले, आणि आठवडाभरात टाळेबंदी लागून सगळंच थांबलं. खोल्या रिकाम्या, रस्ता रिकामा, वाळूवर खेकड्यांखेरीज पावलं नाहीत. नानांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ओहोटी. त्यांनी यादी काढली, हातोडी काढली, आणि ओटीवर बसून राहिले. एक खिळा मारला नाही. दुपारी दोनला रस्त्यावर कुणी नसतं म्हणून ते दुपारी दोनला बाहेर पडत. आता दहालाही कुणी नव्हतं आणि सहालाही. मग दोनला बाहेर पडून मिळवायचं काय? चार लोक धक्काबुक्की करताहेत आणि आपण मात्र निवांत, यात जी चव होती ती गेली. ‘कामाला हात लागत नाही,’ असं ते त्या एप्रिलात मला फोनवर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच शनिवारची ओढ ऐकली.

3 जूनला निसर्ग वादळ आलं. त्यावर विनोद करायला मी धजत नाही. श्रीवर्धन-दिवेआगरपासून इकडे अष्टागरापर्यंत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी धरायला कित्येक वर्षं जातात. नानांची अर्धी वाडी गेली. तेव्हा त्यांनी वेळ बघितली नाही, वार बघितला नाही. सगळ्या गावाबरोबर, भर गर्दीत, खांद्याला खांदा लावून ते झाडं उचलत होते. पुढे कधी आठवण काढली की ते विषय बदलून कौलांवर जातात.

त्यानंतर जे घडलं ते नानांच्या शास्त्राला झेपलं नाही. टाळेबंदी उठली आणि मुंबई-पुण्याहून एक नवी जमात आली. काखेत लॅपटॉप, कानात बोंडं, आणि पहिला प्रश्न: ‘काका, वीकडेजना शांत असतं ना?’ ही स्वतःचा धंदा करणारी मुलं. कुणी चित्रं काढतो, कुणी हिशेब लिहितो, कुणी दुसऱ्यांच्या भाषणांचे मथळे करतो. शहरात घरी काम होत नाही, म्हणून ती सोमवारी येत आणि गुरुवारी जात. नानांना पहिल्या आठवड्यात गहिवरून आलं. आपलंच रक्त! एकाला त्यांनी स्वतःच्या हाताने शहाळं सोलून दिलं आणि तिथीची पाऊणपट शिकवली.

दुसऱ्या आठवड्यात मात्र नाना हातोडी घेऊन दोन नंबरच्या खोलीशी गेले तर आतून आवाज आला, ‘काका, प्लीज, कॉल चालू आहे.’ मोरी उपसायला घेतली तर वास येतो म्हणून तक्रार. पंप सुरू केला तर खिडकीतून हात हलले. सोमवार ते गुरुवार घरात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत नानांना खोकायची चोरी. पावसाळ्यात गेटवेहून येणाऱ्या छोट्या बोटी बंद असतात, तेव्हा तरी सुटका होईल म्हणावं, तर रो-रो पावसातही येते, आणि पाऊस बघत काम करायला आणखी माणसं येतात. आषाढात तिन्ही खोल्या भरलेल्या. नाना कॅलेंडर उलटं करून बघत राहिले. यादी खालपर्यंत भरली होती आणि रेघ एकही नव्हती.

उत्तर त्यांना जेट्टीवर सापडलं. शनिवारी सकाळी मांडव्याला बोट लागली, माणसांचा लोंढा उतरला, आणि तीच बोट गेटवेला परत निघाली तेव्हा तिच्यात खलाशी, दोन टोपल्या आणि एक झोपलेला गृहस्थ यांच्याशिवाय कुणी नव्हतं. नाना बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी येणारी बोट मोजली होती. पुढच्या शनिवारी ते तिच्यात बसले. मुंबईत बॅलार्ड इस्टेट रविवारी ओस असते. रुंद फुटपाथ, झाडांची सावली, बंद कचेऱ्या. रात्री भाच्याकडे टेकायचं आणि दिवसा तिथे एखाद्या पायरीवर वही उघडून खोल्यांचा हिशेब, वाडीच्या खताचा हिशेब, विम्याचे कागद असं सगळं मार्गी लावायचं. रविवारी संध्याकाळी सगळा अलिबाग मुंबईकडे पळत असतो तेव्हा नाना एकटे उलट्या बोटीने मांडव्याला उतरतात. जेट्टीवर ताटकळलेल्या रांगेजवळून ते ज्या चालीने जातात ती बघण्यासारखी असते.

नळ अजून गळतोय, कारण नळ बॅलार्ड इस्टेटला नेता येत नाही.

परवा गेलो तेव्हा नाना बरेच खट्टू दिसले. शनिवारच्या बोटीत त्यांना आक्षीचा एक खोलीवाला भेटला होता, वरसोलीचा दुसरा, आणि गेल्या खेपेला त्यांच्या नेहमीच्या पायरीवर काशीदचा तिसरा वही उघडून बसलेला. ‘शुक्रवारचं काही जमतं का बघायला हवं,’ म्हणत ते पंचांग शोधायला आत गेले.

मी नानींना विचारलं, भर सीझनला हे असे निघून जातात, एकटीने तीन खोल्यांचं करताना तुमची पंचाईत होत नाही?

‘तीन कुठे?’ नानी आंबोळीचं पीठ ढवळत म्हणाल्या. ‘चार. ते गेले की माजघराशेजारची त्यांची खोली रिकामीच असते. शनिवार-रविवार ती पण लावते. पूर्वेचा वारा आहे, म्हणून तिचे शंभर जास्त.’